गॅरी किल्डॉल: बायोस हा शब्द देणारा माणूस आणि बूट न होणारे जुने कॉम्प्युटर

पॉवर बटण दाबलं, कंपनीचा लोगो आला आणि फोन तिथेच अडकला. परत बंद, परत लोगो. बूटलूप म्हणतात तो हाच. अशा वेळी घाबरायला होतं, पण मित्रांनो, जरा शांतपणे विचार करा. लोगो दिसला म्हणजे बॅटरीतून वीज येतेय, प्रोसेसर जागा आहे, स्क्रीन चालतेय आणि सुरुवातीचा छोटा प्रोग्रामसुद्धा धावलाय. अडलंय ते त्याच्या पुढे कुठेतरी.

कॉम्प्युटर असो की फोन, तो एका झटक्यात सुरू होत नाही. एक चिमुकला प्रोग्राम उठतो, तो जरा मोठ्या प्रोग्रामला उठवतो, तो आणखी मोठ्याला. यातली कुठली पायरी हार्डवेअरची आणि कुठली सॉफ्टवेअरची, ही रेघ घरगुती कॉम्प्युटरमध्ये पहिल्यांदा नीट आखली ती गॅरी किल्डॉल यांनी. बायोस हा शब्द त्यांचाच. डिप्लोमाच्या व्हायवाला बायोसचा फुल फॉर्म सगळ्यांना विचारतात, पण तो शब्द आणला कोणी, हे कोणी विचारत नाही. त्यांच्याबद्दल लोकांना एकच किस्सा माहीत असतो, विमान उडवायला गेले आणि आयबीएमची ऑर्डर हुकली. त्या किश्श्याकडे येऊच. आधी त्यांनी काय बांधलं ते बघू, कारण चाळीस वर्षांपूर्वीचं एखादं मशीन आज बूट होत नसेल, तर ते दुरुस्त करायचा रस्ता त्यांच्याच आराखड्यातून जातो.

सिअॅटलचा मुलगा, गणिताचा मास्तर

गॅरी किल्डॉल यांचा जन्म १९ मे १९४२ रोजी अमेरिकेतल्या सिअॅटल शहरात झाला. घरचा व्यवसाय वेगळाच होता. त्यांचं कुटुंब जहाजावरच्या लोकांना नौकानयन शिकवणारी शाळा चालवायचं. गॅरी यांनाही शिक्षकच व्हायचं होतं, गणिताचे. वॉशिंग्टन विद्यापीठात शिकताना कॉम्प्युटरशी गाठ पडली आणि गाडी त्या रुळावर गेली. १९७२ मध्ये तिथूनच त्यांनी डॉक्टरेट घेतली. कंपायलर लिहिणाऱ्यांना त्यांचं १९७३ सालचं डेटा-फ्लो अॅनालिसिसचं काम आजही शिकावं लागतं. नुसतं तेवढंच केलं असतं तरी पुस्तकात नाव राहिलं असतं.

व्हिएतनाम युद्धाचा काळ होता, सैन्यसेवा टळणारी नव्हती. किल्डॉल यांनी ती नौदलाच्या कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरी इथल्या पदव्युत्तर महाविद्यालयात शिकवून पूर्ण केली आणि पुढेही तिथेच शिकवत राहिले. मॉन्टेरीपासून सिलिकॉन व्हॅली गाडीने जाण्याइतकी जवळ, आणि याचा फार उपयोग झाला.

इंटेलने ४००४ हा मायक्रोप्रोसेसर काढला होता. जाहिरातीत किंमत होती २५ डॉलर. बहुतेकांच्या लेखी ही चिप म्हणजे कॅल्क्युलेटरचा किंवा ट्रॅफिक सिग्नलचा सुटा भाग. किल्डॉल यांनी ती घेतली आणि तिच्यावर प्रोग्राम लिहायला बसले. मग इंटेलकडे सल्लागार म्हणून काम, पुढच्या चिपसाठी पीएल/एम नावाची प्रोग्रामिंग भाषा, आणि मोबदल्यात इंटेलचीच डेव्हलपमेंट मशीन्स. आपल्याकडे जसं एखादा हुशार विद्यार्थी लॅबचा पीसी दुरुस्त करून देतो आणि लॅबची किल्ली मिळवतो, तसाच हा व्यवहार.

फ्लॉपी होती, पण तिला बोलतं कोण करणार?

आता त्या काळी मशीन सुरू करणं म्हणजे काय होतं ते बघा. १९७५ मध्ये आलेल्या अल्टेअर ८८०० सारख्या मशीनला कीबोर्ड नव्हता, स्क्रीन नव्हती. पुढे स्विचेस आणि लाल दिवे. वीज आली की मेमरी रिकामी. मग स्विच वर-खाली करून एकेक बाइट हाताने भरायचा. असे काही बाइट भरले की मशीनला कागदी पट्टी वाचता यायची, आणि मग खरा प्रोग्राम त्या छिद्रांच्या पट्टीवरून आत यायचा. टेलिटाइपचा वाचक सेकंदाला १० अक्षरं वाचायचा. साधं गणित करा: ४ केबीचा प्रोग्राम म्हणजे ४,०९६ बाइट, म्हणजे जवळपास सात मिनिटं. मध्येच पट्टी अडकली की पहिल्यापासून.

इंग्रजीत बूट म्हणजे बूटस्ट्रॅप, बुटाच्या मागचा पट्टा. स्वतःच्याच बुटाचे पट्टे ओढून स्वतःला वर उचलायचं, अशी ती कल्पना. स्विचने भरलेले ते थोडे बाइट म्हणजे तो पट्टा.

किल्डॉल यांना कागदी पट्टीचा कंटाळा आला होता. फ्लॉपी डिस्क तेव्हा नवीन होती. आठ इंची, आजच्या छोट्या टॅबलेटएवढी. शुगार्ट कंपनीकडून त्यांनी एक वापरलेला ड्राइव्ह मिळवला. पण ड्राइव्ह म्हणजे मोटर, हेड आणि थोडं इलेक्ट्रॉनिक्स. प्रोसेसर आणि ड्राइव्ह यांच्यामध्ये कंट्रोलर सर्किट लागतं आणि ते मिळत नव्हतं. त्यांनी स्वतः बनवायचा प्रयत्न केला, जमलं नाही. सॉफ्टवेअरचा माणूस तो. शेवटी विद्यापीठातले मित्र जॉन टोरोडे यांनी कंट्रोलर बांधला आणि १९७४ मध्ये ती जोडी चालली. आधी कागदी पट्टीवरून प्रोग्राम चढवला, मग तो डिस्कवर लिहिला, मग डिस्कवरूनच मशीन उठवलं. समोर नुसता प्रॉम्प्ट आला, एवढंच. सीपी/एम ही ऑपरेटिंग सिस्टिम जन्माला आली होती.

पुढच्या सीपी/एममध्ये प्रॉम्प्ट म्हणून ए आणि त्यापुढे एक बाण दिसायचा, त्यातला ए म्हणजे पहिला ड्राइव्ह. दुसरा बी. एमएस-सीआयटीच्या क्लासमध्ये सी ड्राइव्हमध्ये फाइल सेव्ह करायला शिकलेल्या कितीतरी जणांना प्रश्न पडलेला असतो की ए आणि बी गेले कुठे. ते फ्लॉपीचे होते. अक्षराने ड्राइव्ह ओळखायची रीत मोठ्या कॉम्प्युटरांमध्ये आधीपासून होती, पण डॉस आणि विंडोजपर्यंत ती आली ती सीपी/एमच्या वाटेने.

इंटेलला ही सिस्टिम विकण्यात रस नव्हता. म्हणून किल्डॉल आणि त्यांच्या पत्नी डोरोथी मॅकइवेन यांनी स्वतःची कंपनी काढली. नाव ठेवलं इंटरगॅलॅक्टिक डिजिटल रिसर्च. पुढे इंटरगॅलॅक्टिक गळलं आणि डिजिटल रिसर्च उरलं. गॅरी कोड लिहायचे आणि धंदा डोरोथी सांभाळायच्या. मासिकात जाहिरात द्यायची, ७० डॉलर पाठवा, सीपी/एम मिळवा, असा मामला होता.

बायोस: एक रेघ आखली आणि सगळं सोपं झालं

सुरुवातीला अडचण वेगळीच निघाली. प्रत्येक कंपनीचा कॉम्प्युटर वेगळा, ड्राइव्ह वेगळा, कंट्रोलर वेगळा. म्हणजे प्रत्येक गिऱ्हाइकासाठी सीपी/एमचा कोड आतून बदलायचा. इम्साय नावाच्या कंपनीला त्यांच्या मशीनसाठी सीपी/एम हवी होती, तेव्हा किल्डॉल यांना या उसाभरीचा वैताग आला. सॉफ्टवेअरमध्ये काम करणाऱ्या कुणालाही हा वैताग ओळखीचा वाटेल. तीच फाइल, दहा गिऱ्हाइकं, दहा कॉप्या, आणि एका कॉपीत सुधारलेली चूक बाकीच्या नऊमध्ये तशीच.

त्यांनी सिस्टिमचे तुकडे केले. वरचा तुकडा कमांड समजून घेणारा, म्हणजे यूझर जे टाइप करतो ते वाचणारा. मधला फाइल सांभाळणारा, त्याचं नाव बीडॉस. आणि सगळ्यात खालचा तुकडा, ज्याला प्रत्यक्ष हार्डवेअरशी बोलायचं असतं, तो बायोस, म्हणजे बेसिक इनपुट आउटपुट सिस्टिम. वरच्या दोन तुकड्यांना हात लावायचा नाही. नवीन मशीन आलं की फक्त बायोस नव्याने लिहायचा.

बायोस किती मोठा? सीपी/एमच्या २.२ आवृत्तीत त्याच्या सुरुवातीला १७ दरवाजे होते. कीबोर्डवरून एक अक्षर घे. स्क्रीनवर एक अक्षर टाक. हेड अमुक ट्रॅकवर ने. अमुक सेक्टर वाच. अमुक लिही. अशी १७ साधी कामं. आणि या यादीतली पहिली दोन कामं कुठली माहितीय? पहिलं कोल्ड बूट, दुसरं वॉर्म बूट.

म्हणजे मशीन बनवणाऱ्याने १७ रुटीन्स लिहिली की त्याच्याकडे वर्डस्टार, डीबेस, सगळे प्रोग्राम आपोआप चालायला लागले. १९८१ पर्यंत सीपी/एम सुमारे ३,००० वेगवेगळ्या मॉडेल्सवर चालत होती असं सांगतात. आज अँड्रॉइड एवढ्या कंपन्यांच्या फोनवर चालतं, कारण त्यातही हार्डवेअरशी बोलणारा थर वेगळा ठेवलेला आहे. नाव बदललं, आकार प्रचंड वाढला, पण कल्पना त्याच जातीची.

६.५ केबीमध्ये बसणारी सुरुवात

जरा आकडे बघू, मला यात खरी मजा वाटते. आठ इंची साध्या फ्लॉपीवर ७७ ट्रॅक, प्रत्येक ट्रॅकवर २६ सेक्टर, प्रत्येक सेक्टरमध्ये १२८ बाइट. अख्खी डिस्क अडीचशे केबीच्या आसपास. फोनमधला एक साधा फोटोसुद्धा त्यात मावणार नाही. यातले पहिले दोन ट्रॅक सिस्टिमसाठी राखीव. म्हणजे ५२ सेक्टर, एकूण ६,६५६ बाइट. पहिल्या सेक्टरमध्ये छोटा लोडर, पुढच्या ४४ सेक्टरमध्ये कमांडचा तुकडा आणि बीडॉस, उरलेल्या ७ मध्ये बायोस. बास, एवढीच ऑपरेटिंग सिस्टिम.

सुरू व्हायचा क्रम असा. वीज आली की ८०८० प्रोसेसर शून्य पत्त्यावर जाऊन पहिली सूचना वाचतो. तिथे कायमस्वरूपी मेमरीत, म्हणजे रॉममध्ये, छोटा प्रोग्राम असतो. तो डिस्कचा पहिला सेक्टर वाचतो आणि ताबा त्याच्याकडे देतो. तो १२८ बाइटचा लोडर उरलेले ५१ सेक्टर वाचून मेमरीच्या वरच्या टोकाला ठेवतो आणि बायोसच्या पहिल्या दरवाजावर उडी मारतो. बायोस स्क्रीनवर एक ओळ छापतो आणि मग ए बाण.

यात एक गोची आहे. सीपी/एमला शून्य पत्त्यावर बदलता येणारी मेमरी हवी असते, आणि प्रोसेसर सुरुवातीला तिथेच रॉम शोधतो. म्हणून मशीनमध्ये असं सर्किट ठेवायचे की काही क्षण तिथे रॉम दिसावं आणि मग त्याने बाजूला व्हावं. हे सर्किट बिघडलं तर ड्राइव्ह ठणठणीत, डिस्क ठणठणीत, तरी मशीन उठत नाही.

जुनं मशीन बूट होत नाही, मग शोधायचं कुठे?

जुने कॉम्प्युटर जपणारे लोक जगभर आहेत. १९८१ चा ऑस्बॉर्न १ किंवा १९८२ चा केप्रो २ यांसारखी सीपी/एम मशीन्स त्यांच्याकडे येतात तेव्हा ती क्वचितच पहिल्या झटक्यात सुरू होतात. शोध घ्यायचा तो वर सांगितलेल्या क्रमानेच.

पहिलं वीज. जुन्या पॉवर सप्लायमधले कपॅसिटर वाळलेले असतात, काही तर प्लग लावताच धूर सोडतात. म्हणून अनेक वर्षं पडून असलेलं मशीन थेट चालू करायचं नाही. आधी सप्लायचे व्होल्टेज मीटरने मोजायचे. (आणि पिक्चर ट्यूब असलेल्या मशीनचं झाकण उत्साहाच्या भरात उघडू नका, बंद असतानाही त्यात जीवघेणं व्होल्टेज साठलेलं असू शकतं. माहीतगार माणूस सोबत हवाच.)

वीज बरोबर आहे आणि स्क्रीनवर काहीच नाही, तर गडबड रॉमपाशी किंवा मेमरीपाशी. जुन्या चिप्स सॉकेटमध्ये बसवलेल्या असतात आणि पायांवर गंज चढतो. मशीन बंद करून त्या काढून परत बसवल्या तरी कितीदा काम होतं.

डिस्क टाकायला सांगणारा मजकूर आला, म्हणजे रॉम पास झालं. आता ड्राइव्हकडे वळा. हेड हलतंय का, डिस्क फिरतेय का, फिरण्याचा वेग बरोबर आहे का? वंगण घट्ट झालेलं असतं, पट्टा सैल पडलेला असतो, हेडवर जुन्या डिस्कचा चुंबकीय थर चिकटलेला असतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलने हेड पुसणं हा पहिला उपाय. घाणेरड्या हेडवर तुमची एकुलती एक चांगली डिस्क घालणं म्हणजे तिच्यावर ओरखडे काढून घेणं.

बरं, मशीन सुरू होतं पण फार वेळ घेतं, तर? इथे किल्डॉल यांच्या आराखड्याचं गणित कामाला येतं. आठ इंची डिस्क मिनिटाला ३६० फेऱ्या घेते, म्हणजे सेकंदाला ६. एक सेक्टर वाचून होईपर्यंत पुढचा सेक्टर हेडखालून निघून गेला तर पूर्ण फेरी थांबावं लागतं. प्रत्येक वेळी असं झालं तर ५२ सेक्टरना ५२ फेऱ्या, म्हणजे पावणेनऊ सेकंदांच्या आसपास. लोकल ट्रेनसारखंच आहे हे, दरवाजापर्यंत पोहोचेपर्यंत गाडी सुटली की पुढच्या गाडीशिवाय गत्यंतर नाही.

फाइल्ससाठी सीपी/एममध्ये यावर सुंदर तोड होती. सेक्टर ओळीने वापरायचेच नाहीत. १ नंतर ७, मग १३, मग १९, असे सहा-सहाच्या उड्या मारत वापरायचे. वाचलेला डेटा हाताळायला प्रोसेसरला मधल्या पाच सेक्टरांएवढा वेळ मिळतो आणि पुढचा हवा असलेला सेक्टर नेमका वेळेवर हेडखाली येतो. २६ सेक्टरना २६ फेऱ्यांऐवजी ६ पुरतात. चार सेकंदांहून जास्त लागणारं काम एका सेकंदात, हार्डवेअरला हात न लावता.

सावकाश बूट होण्याचं दुसरं कारण म्हणजे पुनःपुन्हा प्रयत्न. सेक्टर नीट वाचला गेला नाही तर बायोस लगेच हार मानत नाही. डिजिटल रिसर्चने मशीन बनवणाऱ्यांना दिलेल्या नमुना बायोसमध्ये १० वेळा प्रयत्न करायची सोय होती. एका प्रयत्नाला एक फेरी धरली तरी एका खराब सेक्टरमागे दीड सेकंदाहून जास्त जातो. म्हणून काल पटकन उठणारं मशीन आज रेंगाळत असेल आणि ड्राइव्हमधून एकाच जागी खरखर ऐकू येत असेल, तर डिस्क शेवटच्या घटका मोजतेय असं समजा. ताबडतोब कॉपी करा. अजून दुर्लक्ष केलं की बीडॉस एरर ऑन ए, बॅड सेक्टर असा मजकूर येतोच.

एक गंमतशीर बिघाड असा की मशीन व्यवस्थित सुरू होतं, प्रोग्रामही चालतो, पण प्रोग्राममधून बाहेर पडलं की ठप्प. याचं कारण वॉर्म बूट. मेमरी इतकी कमी असायची की मोठे प्रोग्राम कमांडच्या तुकड्याची जागाही वापरून टाकायचे. म्हणून प्रोग्राम संपला की सीपी/एम तो तुकडा आणि बीडॉस डिस्कवरून परत वाचायची. आता तेव्हा ए ड्राइव्हमध्ये नुसत्या फाइल्सची डिस्क असेल, सिस्टिम ट्रॅक रिकामे असतील, तर वाचणार काय? यूझरला वाटतं प्रोग्राम बिघडला. खरं तर डिस्क चुकीची आहे. इलाज म्हणजे सिसजेन ही कमांड वापरून त्या डिस्कवर सिस्टिम ट्रॅक लिहून ठेवणं.

आणि मेमरीच्या आकाराची भानगड. सीपी/एम मेमरीच्या वरच्या टोकाला बसते, म्हणून प्रत्येक कॉपी ठरावीक मेमरीसाठी तयार केलेली असते. सुरू होताना दिसणाऱ्या ओळीत ६४के सीपी/एम असं लिहिलेलं असतं ते त्यासाठीच. ६४ केबीसाठी बनवलेली डिस्क ४८ केबीच्या मशीनमध्ये घातली तर लोडर प्रामाणिकपणे सगळे सेक्टर वाचतो, मेमरीच नाही अशा जागी ठेवतो, आणि तिथे उडी मारून गायब होतो. एरर नाही, आवाज नाही. ड्राइव्हचा दिवा लागला, डिस्क वाचली गेली आणि मग शांतता, असं दिसलं की हे आधी तपासायचं. मूव्हसीपीएम नावाच्या कमांडने हव्या त्या आकाराची सिस्टिम बनवून घेता यायची.

विमानाचा किस्सा

१९८० च्या ऑगस्टमध्ये आयबीएमचे लोक पॅसिफिक ग्रोव्ह या छोट्या गावी डिजिटल रिसर्चच्या दारात आले. त्यांना नव्या पीसीसाठी ऑपरेटिंग सिस्टिम हवी होती आणि मायक्रोसॉफ्टनेच त्यांना इकडे पाठवलं होतं. किल्डॉल स्वतःचं विमान घेऊन एका गिऱ्हाइकाकडे कामासाठी गेले होते. कामासाठी, मजा मारायला नाही. धंद्याची बोलणी नेहमी डोरोथी करायच्या, त्या दिवशीही त्याच बसल्या. आयबीएमने समोर ठेवलेला गुप्ततेचा करार एकतर्फी वाटला म्हणून त्यांनी वकिलाला विचारलं आणि सही लांबली. दुपारी गॅरी परत आले. त्यानंतर नेमकं काय बोलणं झालं, याच्या हजर असलेल्यांच्याच आठवणी एकमेकींशी जुळत नाहीत.

माझ्या मते व्यवहार फिसकटला तो आकाशात नाही, टेबलावर. आयबीएमला एकदाच रक्कम देऊन सिस्टिम हवी होती, किल्डॉल यांना प्रत्येक कॉपीमागे पैसे हवे होते.

मग मायक्रोसॉफ्टने दुसरी वाट काढली. सिअॅटल कॉम्प्युटर प्रॉडक्ट्स या कंपनीत टिम पॅटरसन यांनी ८०८६ प्रोसेसरसाठी एक सिस्टिम लिहिली होती, कारण सीपी/एमची त्या चिपसाठीची आवृत्ती लांबत चालली होती. तिचे कॉल सीपी/एमसारखेच ठेवले होते, म्हणजे जुने प्रोग्राम सहज आणता यावेत. किती सारखे? सीपी/एममध्ये ९ नंबरचा कॉल डॉलरचं चिन्ह येईपर्यंत मजकूर छापतो. डॉसमध्येही ९ नंबरचा कॉल तेच करतो, तिथेही शेवटी डॉलर. असेंब्लीचं प्रॅक्टिकल केलेल्यांनी हा डॉलर टाइप केलेला आहे, तो का आहे हे मात्र बहुधा कोणी सांगितलं नसेल. मायक्रोसॉफ्टने ही सिस्टिम विकत घेतली आणि ती आयबीएम पीसीबरोबर १२ ऑगस्ट १९८१ रोजी बाजारात आली.

किल्डॉल यांनी हरकत घेतली. आयबीएमने मग सीपी/एम-८६ सुद्धा पीसीसाठी विकायचं कबूल केलं आणि दावा टळला. पण दुकानात डॉसची किंमत ४० डॉलर, सीपी/एम-८६ ची २४०. कोण घेणार?

यात एक क्रूर योगायोग आहे. किल्डॉल यांनी थर वेगळे केले, दरवाजे नंबर लावून जाहीर केले, म्हणूनच हजारो मॉडेल्सवर त्यांची सिस्टिम पोहोचली. आणि दरवाजे माहीत झाले म्हणूनच आतलं घर बदलून तसंच दुसरं उभं करणंही सोपं झालं. आयबीएमवरही हीच पाळी आली. पीसीमध्ये त्यांनी बायोस रॉममध्ये टाकला आणि त्यावर कॉपीराइट ठेवला. कॉम्पॅकने मूळ कोड न वापरता तसाच वागणारा बायोस नव्याने लिहिला आणि १९८२ मध्ये स्वतःचा पीसी जाहीर केला. पुढे बायोस बनवून विकणाऱ्या कंपन्याच निघाल्या. स्वस्त असेंबल्ड पीसी आपल्या घराघरांत आले ते या फटीतून.

नंतरची वर्षं

हुकलेल्या ऑर्डरनंतर किल्डॉल हात जोडून बसले नाहीत. डिजिटल रिसर्च बरीच वर्षं मोठी कंपनी होती. एकाच वेळी अनेक प्रोग्राम चालवणारी सीपी/एमची आवृत्ती त्यांनी काढली, माउसने चालणारा जेम नावाचा डेस्कटॉप काढला, आणि १९८८ मध्ये डॉसलाच टक्कर देणारं डीआर-डॉस आणलं. १९८३ पासून १९९० पर्यंत ते कॉम्प्युटर क्रॉनिकल्स या टीव्ही कार्यक्रमात स्टुअर्ट शाफे यांच्यासोबत सहसूत्रधार होते. त्यांचे भाग आजही ऑनलाइन बघायला मिळतात. त्यात ते समोरच्या पाहुण्याच्या मशीनबद्दल इतकं शांत, इतकं नेमकं विचारतात की शिक्षक दिसतो, उद्योगपती नाही. वेगळ्या एका कंपनीतून त्यांनी १९८५ मध्ये ग्रोलिअर विश्वकोश सीडी-रॉमवर आणला. अख्खा विश्वकोश एका चकतीवर आणि त्यात शब्द शोधता येतो, हे तेव्हा नवल होतं.

१९९१ मध्ये नॉव्हेलने डिजिटल रिसर्च विकत घेतली. पैशांची ददात नव्हती. सल होती ती वेगळी. पुढच्या वर्षी त्यांच्याच वॉशिंग्टन विद्यापीठाच्या कॉम्प्युटर विभागाच्या वर्धापन समारंभाला त्यांना नुसतं हजर राहायला बोलावलं, आणि मुख्य भाषण होतं हार्वर्ड अर्धवट सोडलेल्या बिल गेट्स यांचं. हे त्यांच्या फार मनाला लागलं. त्यानंतर त्यांनी आठवणी लिहायला घेतल्या आणि १९९३ मध्ये लिहून मित्रांना, घरच्यांना वाचायला दिल्या.

८ जुलै १९९४ रोजी मॉन्टेरीमधल्या एका बारमध्ये त्यांच्या डोक्याला मार बसला. तो कसा बसला हे कधीच पुरतं स्पष्ट झालं नाही. तीन दिवसांनी, ११ जुलैला, ते गेले. वय ५२.

२०१४ मध्ये कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियमने सीपी/एमच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांचा सोर्स कोड लोकांसाठी खुला केला. त्याच वर्षी पॅसिफिक ग्रोव्हमधल्या लाइटहाउस अॅव्हेन्यूवरच्या ८०१ नंबरच्या घरापाशी, जिथे डिजिटल रिसर्चचं ऑफिस होतं, आयईईईने एक फलक बसवला. त्यांच्या आठवणींचा पहिला भाग घरच्यांनी २०१६ मध्ये म्युझियममार्फत वाचायला दिला, बाकीचा अजून बाहेर आलेला नाही. आजच्या लॅपटॉपमध्ये जुन्या बायोसच्या जागी यूईएफआय आलंय, पण लॅपटॉप अडकला की दुकानदार अजूनही म्हणतो, आधी बायोसमध्ये जाऊन बघू.